पळसाचा हेरंब

प्रतापनगर, बडोदे
रविवार, २३ फेब्रुवारी १९८६

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. निरूला उत्तर लिहायचा कंटाळा, असं तुम्ही एव्हाना भास्कररावांना सांगून मोकळ्या झाला असाल. तसं तर तसं. इकडे सगळं ठीक आहे. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. परवा दूधवाल्याला दुधात पाणी घालतो म्हणून असं फैलावर घेतलं की तो बिचारा "माजी, माफ करो" म्हणत मापावर आणखी अर्धा पेला ओतून गेला. दूध पातळच होतं, पण त्यांचं समाधान झालं.

मला यंदा चौथीचा वर्ग आहे. पोरं मराठी शाळेत बसतात आणि सांगतात, "बाई, माझी पेन्सिल खोवाई गेली." मी म्हणते, हरवली म्हण. तर म्हणतात, "हो बाई, हरवली. खोवाई गेली." पुढच्या वर्षी वर्गात किती मुलं राहतील, सांगता येत नाही.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल. तुझं म्हणणं काय ते एकदा सांगून टाक, असं लिहिलंत. माझं म्हणणं असं की यंदा फेब्रुवारीतच ऊन चटके द्यायला लागलंय, आणि वैशाखात सासूबाईंना छोट्या गाडीनं चांदोदला न्यायचं म्हणजे सोपं काम नाही. हे उत्तर नव्हे, हे मलाही कळतं.

लक्ष्मीकांत भाऊजी गेल्या रविवारी गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून, समाहून, स्कूटरवर आले होते. चांदोदच्या गुरुजींशी त्यांचं सगळं बोलणं झालंय. ज्या माणसाची बारा वर्षांत काही खबर नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, नर्मदेकाठी त्याला अग्नी द्यायचा, सुतक धरायचं, पिंड द्यायचा. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा अग्नी भाऊजी देतील. मी फक्त एकच करायचं. गुरुजींपुढे बसून शब्द द्यायचा की बारा वर्षांत मला माझ्या नवऱ्याची काही खबर नाही. बायकोच्या शब्दाशिवाय ते गुरुजी या विधीला हात लावत नाहीत म्हणे.

मी भाऊजींना पोहे खाऊन जा म्हटलं. ते खाऊन गेले.

सासूबाईंनी मात्र धोसरा लावलाय. माझे डोळे मिटायच्या आत माझ्या लेकाला पाणी मिळू दे, एवढंच. घरी कोणी आलं की संपाची गोष्ट सुरू होते. रेल्वेचा संप होता, युनियनच्या माणसांना घरातून उचलून नेत होते, हेरंबनं सायकल जिन्याखाली लावली आणि मागच्या दारानं गेला, आई चार दिवसांत येतो म्हणाला. इथवर आल्या की थांबतात. पुढे सांगायला काही नाहीच.

तुम्हाला हे मी कधी लिहिलं नव्हतं. दिवेलागणीला सासूबाई गॅलरीत जाऊन बसतात. खाली अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ आहे. त्या नळापाशी हेरंब उभा असतो, असं त्या म्हणतात. शर्ट ओला, केस ओले. ओंजळ धरतो आणि पाणी बोटांतून निघून जातं, तोंडापर्यंत पोचत नाही. "तहानलाय ग," म्हणतात. ओरडत नाहीत, रडत नाहीत, डाळीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा सांगतात. मी बघते तर नळ असतो, बादली असते आणि खालच्या रूथबेनची मांजर असते. मला काही दिसत नाही, वन्सं.

मला ऐकू येतं. सायकल स्टँडवर चढवल्याचा आवाज. तुमच्या भावाची सायकल क्वार्टर सोडताना आणली ती अजून आमच्या जिन्याखाली आहे, टायरं कुजून गेलीत, साखळीला गंज चढलाय. तिला कोणी हात लावत नाही. तरी तो आवाज येतो आणि मी हातातलं काम ठेवून दार उघडते. मग दार उघडलंच आहे तर जिना झाडून घेते.

भाऊजींचं म्हणणं, विधी झाला की दोघी समाला या, नवी सोसायटी आहे, हवा चांगली आहे, आईला तळमजल्याची खोली देतो. त्यांचं खोटं नाही. पण रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा मी मुद्दाम त्याच्या समोरची ही जागा धरली. येणारा माणूस आधी जुन्या दाराशी जाईल. तिथून हाक मारली तर इथे ऐकू येते.

भाऊजी असंही म्हणाले असतील की वहिनी रविवारी सकाळी घरी सापडत नाहीत. शाळेचं काम असतं.

मला थोडी मुदत द्या. वैशाखाला अवकाश आहे. सासूबाई तुम्हाला आशीर्वाद सांगतात आणि विचारतात, डिंकाचे लाडू पोचले का.

तुमची,
सौ. निरू


प्रतापनगर, बडोदे
सोमवार, ३१ मार्च १९८६

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचं खरमरीत पत्र मिळालं. एक शब्द द्यायचा त्यात तुझं अडतं कुठे, असं विचारलंत. थोरल्या नणंदेला शोभेल असंच पत्र आहे. सासूबाईंना त्यातलं अर्धंच वाचून दाखवलं.

कुठे अडतं ते सांगते. आधी सोपं सांगते, मग अवघड.

रविवारी मला शाळेचं काम नसतं. शाळा काय रविवारी भरते? मी रूथबेनबरोबर त्यांच्या चर्चमध्ये जाते. दोन वर्षं होऊन गेली. चपला काढून ठेवता तिथेच हे पत्र टाकून देऊ नका, पुढे वाचा.

रूथबेन आमच्या खालच्या खोल्यांत राहतात. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर झाल्या. मूळच्या खेडा जिल्ह्यातल्या, गुजराती ख्रिस्ती. सासूबाईंना विषमज्वर झाला तेव्हा रोज इंजेक्शन द्यायला वर यायच्या आणि दिल्यावर लगेच जायच्या नाहीत, माझ्याजवळ बसायच्या. बाकी जो येई तो मला धीर देई. येतील हो, कुठे जातात. रूथबेननी असं एकदाही म्हटलं नाही. एक दिवस मीच म्हटलं, मी वाट पाहते. त्या म्हणाल्या, "हुं पण." मी पण. त्यांची मुलगी कावीळ होऊन गेलेली, कॉलेजात असताना. मग ही बाई कोणाची वाट पाहते? मी विचारलं तशा म्हणाल्या, "मळवानुं तो छे ज." भेट तर व्हायचीच आहे. उद्या सकाळी दूधवाला येणार हे मी जसं सांगेन, तसं त्यांनी सांगितलं.

मला त्या सांगण्याचा हेवा वाटला, वन्सं. म्हणून गेले. मला कुणी फूस लावली नाही. पाद्रीसाहेब तर मला बघून घाबरतात. मराठी बाई, नवरा बेपत्ता, घरात म्हातारी सासू, उद्या कुणी बोट दाखवलं तर काय घ्या. चांगले सहा महिने ते माझ्याशी हवापाण्याशिवाय काही बोलले नाहीत. मी मागच्या बाकावर बसते. गाणी गुजरातीत असतात. सुरुवातीला ओठ मिटून बसायचे, आता म्हणते.

परवा शनिवारी रूथबेन आणि आणखी दोघीतिघी चर्च धुवायला गेल्या. आदल्या दिवशी येशूला क्रुसावर दिला त्याची प्रार्थना झाली होती आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, तो उठला त्याचा सण होता. मीही पदर खोचून गेले. बाकं एका बाजूला केली, फरशी धुतली. पुढच्या टेबलावर ना कापड ना फूल, एक मेणबत्तीसुद्धा नाही. मी विचारलं, आज प्रार्थना कोणती? रूथबेन म्हणाल्या, "आजे कशुं नथी. आजे तो बेसवानुं." आज काही नाही, आज नुसतं बसायचं.

मग फडकं पिळता पिळता त्यांनी सांगितलं. त्या शनिवारी तो मेलेला होता आणि सगळे आपापल्या घरी दार लावून बसले होते. रविवारी काय होणार, कुणाला ठाऊक नव्हतं. चार बायकांनी प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली होती, पण सणाचा दिवस म्हणून जाता येईना. रविवारी उजाडायच्या सुमाराला निघाल्या. वाटेत एकच काळजी, थडग्यावरचा धोंडा कोण सरकवणार. आशेनं कुणी निघालं नव्हतं, वन्सं. प्रेताचं करायला निघाल्या होत्या.

मी ओलं फडकं घेऊन तिथेच खाली बसले. आजवर मला वाटत होतं की चांदोदला जायचं म्हणजे आशा सोडायची. इथे ज्यांना आशा भेटली त्या बायका चांदोदलाच निघाल्या होत्या. घरी बसल्या असत्या तर त्यांना काही कळलंही नसतं. रूथबेननी माझ्याकडे बघितलं आणि उरलेली फरशी स्वतः पुसून घेतली.

आता अवघड.

वर्कशॉपमधले दत्ताजीराव तुम्हाला आठवतात. तुमच्या लग्नात पंगतीत श्रीखंड वाढत होते ते. पाच वर्षांपूर्वी ते मला शाळेच्या फाटकाशी भेटायला आले. घरी आले नाहीत तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी आहे. म्हणाले, वहिनी, सुरतेला गेलो होतो. स्टेशनाबाहेर एक माणूस पाठमोरा चालला होता. चाल ओळखीची, उजवा खांदा पाडून चालणारी. मी हाक मारली, हेरंब. माणूस थांबला. मागे वळला नाही. दुसरी हाक येते का ते ऐकावं तसा उभा राहिला. वहिनी, दुसरी हाक मारायचा माझा धीर झाला नाही. तो गर्दीत गेला.

मी विचारलं, कपडे कसे होते? म्हणाले, स्वच्छ होते. हातात काही होतं? त्यांनी खाली बघितलं. म्हणाले, लहान मुलांची शाळेची पाण्याची बाटली होती, लाल पट्ट्याची.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दत्ताजीरावांनाही शपथ घातली. त्यांची चूक झाली असेल, उजवा खांदा पाडून चालणारी माणसं जगात थोडी नाहीत. हाक ऐकून भलताही माणूस थांबतो. मी स्वतःला हे सगळं समजावलेलं आहे, मास्तरीण आहे, समजावता येतं. पण माणूस मेला असेल तर मी विधवा. जिवंत असेल तर मी कोण? आधी मी तो यावा म्हणून वाट पाहत होते. आता जिन्याखाली सायकल वाजली की मी भिते. तो आला तर मी त्याला काय विचारू? बाटली कोणाची होती, हे?

मला त्याचा इतका राग येतो की कधीकधी पोळी लाटता लाटता लाटणं खाली ठेवावं लागतं. आणि तरी दार उघडायला मीच धावते.

तेव्हा गुरुजींपुढे मी काय शब्द देऊ? खबर नाही म्हटलं तर खोटं होईल. खबर आहे म्हटलं तर विधी होणार नाही आणि सासूबाईंना सगळं कळेल. मग त्यांचा तो नळापाशी उभा राहणारा मुलगाही जाईल. ऐंशीच्या घरातल्या बाईकडून तेवढंही काढून घ्यायचं का? तुम्ही थोरल्या आहात, तुम्ही सांगा.

एक शेवटचं. आजवर मी देवाला म्हणत आले, त्याला परत पाठव. काल सकाळी सगळे उभे राहून गात होते आणि मला ते म्हणता येईना. मी म्हटलं, तो जिथे असेल तिथे तू आहेस ना, मग पुरे. आता मी जिथे आहे तिथेही ये. एवढंच म्हटलं आणि छातीवरचं ओझं जरा हललं. गेलं नाही, हललं. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. घरी येऊन दोन वाट्या आमटी प्यायले. सासूबाई म्हणाल्या, आज भूक लागली का ग तुला.

उत्तर मात्र शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
सौ. निरू


प्रतापनगर, बडोदे
शनिवार, १७ मे १९८६

ती. वन्सं,

नमस्कार. भास्कररावांच्या डोळ्यांची पट्टी सुटली, हे वाचून बरं वाटलं. तुम्हाला चांदोदला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नका. तुमचं एप्रिलातलं पत्र मी पर्समध्ये घेऊन गेले होते. आईला कळू देऊ नकोस आणि तू जे करशील ते मला मान्य, एवढंच लिहिलंत. चर्चबद्दल एक अक्षर नाही. राग आहे की समजूत, ते भेटल्यावर बघू.

आम्ही छोट्या गाडीनं गेलो. सासूबाई खिडकीशी बसल्या आणि डभोईपर्यंत गाडी किती हळू चालते यावर बोलत राहिल्या. मी शब्दाचाच विचार करत होते. रात्रंदिवस तोच. एकदा वाटे खोटं बोलावं, देव समजून घेईल. एकदा वाटे, ज्या देवाच्या दारात उभी राहायला निघालेय त्याच्या दाराशीच खोटं कसं बोलू?

घाटावर गुरुजींनी पुतळा करायला घेतला. पळसाची पानं देठांसकट, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. काळजी करू नका, मी रडले नाही, कारण सासूबाईंनी मला रडू दिलं नाही. त्या गुरुजींच्या शेजारी फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "एवढा रुंद नव्हता हो तो. खांदे कमी करा." गुरुजींनी पानं काढली. "आणि उजवा खांदा जरा पाडा." गुरुजी म्हणाले, माजी, हा पुतळा आहे, फोटो नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणून काय झालं, मला ओळख पटायला नको?" गुरुजींनी निमूटपणे खांदा पाडला. मग मात्र माझ्याच्यानं तिकडे बघवेना. दत्ताजीरावांनी सांगितलेला तो पाठमोरा माणूसच पडला होता अगदी.

नंतर गुरुजी माझ्याकडे वळले. बाई, बारा वर्षांत तुम्हाला यांची काही खबर?

मी तोंड उघडलं, पण सासूबाई मध्ये पडल्या. "तिला विचारू नका, मला विचारा. दत्ताजीनं त्याला सुरतेला पाहिलं. हाक मारली तर वळला नाही."

वन्सं, मग तिथेच त्यांनी सगळं सांगितलं. दत्ताजीराव शाळेच्या फाटकाशी आले त्याच्या आदल्याच दिवशी ते घरी येऊन गेले होते, मी शाळेत असताना. सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं, सुनेला तूच सांग, पण मला ठाऊक आहे हे बोलू नको. तिला माझं आणखी ओझं नको. पाच वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून जेवत होती आणि मी तिच्यासमोर.

लक्ष्मीकांत भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. गुरुजींनी दर्भ खाली ठेवले. म्हणाले, मग हे होणार नाही, माजी. खबर आहे.

सासूबाई म्हणाल्या, "घरच्या माणसानं हाक मारली आणि जो वळला नाही, तो कोणी का असेना, सुखात राहो. त्याचं मी काही मागत नाही. पण माझा हेरंब रोज नळाशी येतो आणि तहानलेला जातो. मग तो कोण? त्याला कोणी पाणी द्यायचं? तुम्ही नाही दिलं तर मी मेल्यावरही तो तिथेच उभा राहील, आणि मग त्याला बघायलाही कोणी असणार नाही."

घाटावर बाकीचे लोक आपापली कामं करत होते. शेवटी गुरुजींनी मला पुन्हा विचारलं, बाई, तुमचं काय? मी म्हटलं, "गुरुजी, तो होता की नव्हता, मला ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की तो घरी आला नाही. यापलीकडे माझ्याजवळ खबर नाही." हेच खरं होतं. बारा वर्षं घशात होतं आणि बोलायला एवढंसं निघालं.

गुरुजींनी खाली ठेवलेले दर्भ पुन्हा उचलले. मग म्हणाले, यानं वाट बंद होत नाही, हे दोघी ध्यानात घ्या. असा माणूस अग्नी दिल्यावर परत आला तर शास्त्रात त्याचीही सोय आहे. त्याला तुपात न्हाऊ घालायचं, जन्मलेल्या मुलासारखं त्याचं जातकर्म करायचं, बारसं करायचं, मुंज करायची आणि त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. सगळं पहिल्यापासून.

सासूबाई म्हणाल्या, "या वयात मला बाळंतीण करता होय?" आणि स्वतःच हसल्या. भाऊजी हसले, मी हसले, गुरुजीही हसले. हसता हसता भाऊजींनी डोळे पुसले आणि उठून अग्नी दिला. पळस फार लवकर पेटतो. मी हात जोडले ते माझ्या नव्या देवाला, आणि त्यानं राग मानला असेल असं मला वाटत नाही. थडग्याकडे निघालेल्या त्या बायकाही रिकाम्या हातानं गेल्या नव्हत्या.

घाटावरच्या दोन म्हाताऱ्या माझं कुंकू पुसायला पुढे आल्या. सासूबाई म्हणाल्या, "तिचं ती बघेल." मंगळसूत्र मीच काढलं. मानेला थोडं गार लागलं.

तिसऱ्या दिवशी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. आजूबाजूचे म्हणाले, भाग्यवान आत्मा, काही इच्छा उरली नाही. सासूबाईंना ते मुळीच आवडलं नाही. "काही उरली नाही म्हणजे? आईला भेटायचीसुद्धा नाही?" येताना गाडीत डभोईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

काल संध्याकाळी परत आलो. दिवेलागणीला त्या नेहमीप्रमाणे गॅलरीत जाऊन बसल्या. मी चहा घेऊन गेले. खाली नळ होता, बादली होती. बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "नाही आला ग." "पाणी मिळालं असेल," म्हणाल्या, पण त्यांचा आवाज असा रिकामा मी कधी ऐकला नव्हता. आजवर मला त्या नळाची भीती वाटायची. काल नळापाशी कोणी नाही याची वाटली. जिन्याखालीही काही वाजलं नाही. मी कान देऊन बसले होते, तुमच्यापासून काय लपवायचं.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. नाहीतर माझा धीर झाला नसता. म्हटलं, आई, मी उद्या नाही परवा रूथबेनच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेणार आहे. बाप्तिस्मा म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डोक्यावर पाणी घालतात. जुनं माणूस गेलं आणि नवं जन्मलं असं मानतात. मला वाट पाहायला एकटीला भीती वाटते, आई. तिथे बसलं की कुणी सोबत बसल्यासारखं वाटतं. तो येईल असं मला तिथे कुणी सांगत नाही. पण माझं काही वाया गेलं नाही, असं वाटतं.

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. लक्ष्मीकांत भाऊजी रागावलेच, आज सकाळी येऊन पाणीसुद्धा न पिता गेले. समाला जाण्याचं आता पावसाळ्यानंतर बघू, तोवर त्यांचा रागही उतरेल. सासूबाई मात्र चहा पीत राहिल्या. कप रिकामा झाला तरी बशीत ठेवला नाही. मग विचारलं, "नाव बदलतात का ग?"

मी म्हटलं, काहीजण बदलतात. पाद्रीसाहेबांनी विचारलंय, कोणतं घेणार म्हणून. रूथबेननी दोन चांगली नावं काढूनही ठेवलीत.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "बाकी तुला काय करायचं ते कर, निरू. नाव बदलू नको. तो आला तर तुला काय म्हणून हाक मारील?"

वन्सं, तीन दिवसांपूर्वी आम्ही दोघींनी त्याला अग्नी दिलाय.

मी उठून खाली गेले आणि नाव आहे तेच राहू द्या, असं रूथबेनना सांगून आले. उद्या सकाळी मी जाते आहे. तुमचा आशीर्वाद असला तर असू द्या, नसला तरी पत्र लिहा.

तुमची,
निरुपमा